रोलर-काँक्रीटचे धरण : चाचणी भरावापासून गाभा-नमुन्यांपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

गुणवत्ता नियंत्रणाच्या कामाचा ताबा आज घेतला. पहिला अर्धा दिवस नावाच्या घोटाळ्यातच गेला. आराखड्यांवर सगळीकडे 'आरसीसी', म्हणजे इथे रोलर-कॉम्पॅक्टेड काँक्रीट, असे छापले आहे. स्थापत्याच्या कामात त्याचा अर्थ प्रबलित काँक्रीट असाच घेतला जातो, आणि त्यामुळे भांडाराने सळयांची मागणी का आली नाही, अशी रीतसर विचारणा केली. या धरणाच्या मुख्य भागात सळई नाही. ओलसर मातीसारखे दिसणारे, ओतल्यावर स्वतःहून न पसरणारे काँक्रीट डोझरने पसरायचे आणि कंपन-रोलरने दाबायचे, अशी ही पद्धत आहे. पुढील सर्व कागदपत्रांत 'रोलर-काँक्रीट' हाच शब्द वापरावा, असे पत्र काढले.

संकल्पचित्रे पाहताना एक हिशेब वहीत मांडला. धरणाची कमाल उंची ९६ मीटर आणि थराची दाबलेली जाडी ३० सेंटिमीटर, म्हणजे सर्वांत उंच छेदात ३२० थर आणि जवळपास तितकेच आडवे सांधे. हेच धरण नेहमीच्या काँक्रीटने दीड मीटरच्या टप्प्यांत बांधले असते, तर असे सांधे ६४ झाले असते. ठोकळे पाडून, प्रत्येक टप्प्यानंतर काही दिवस थांबून आणि आत थंड पाण्याचे नळ घालून जे काम वर्षानुवर्षे चालते, ते या पद्धतीने काही महिन्यांत होते. मात्र त्या वेगाची किंमत पाचपट सांध्यांच्या रूपाने मोजावी लागते. थराच्या पोटातले काँक्रीट सहसा दगा देत नाही. पाणी वाट शोधते ती सांध्यातून, आणि धरण सरकण्याचा हिशेबही तिथेच मांडावा लागतो. म्हणून माझ्या नोंदवहीत थरांपेक्षा सांध्यांना जास्त पाने द्यायची, असे ठरवले आहे.

११ ऑक्टोबर

मिश्रणाच्या प्रमाणावर बैठक झाली. मत दोन बाजूंना विभागले गेले, आणि हा वाद या पद्धतीइतकाच जुना आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यात पाकिस्तानातील तारबेला धरणाच्या बोगद्यापाशी झालेली धूप भरून काढण्यासाठी सुमारे साडेतीन लाख घनमीटर रोलर-काँक्रीट अवघ्या ४२ दिवसांत टाकले गेले आणि वेगाची शक्यता सर्वांच्या डोळ्यांत भरली. त्यानंतर जपानमध्ये शिमाजिगावा धरण उभे राहिले. तिथे प्रत्येक टप्प्याचा पृष्ठभाग खरवडून, धुऊन, वर मॉर्टर (सिमेंट, वाळू आणि पाण्याचे मिश्रण) पसरण्याची कडक शिस्त होती. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील विलो क्रीक धरण १९८२ मध्ये पाच महिन्यांच्या आत भरून झाले. त्याच्या आतल्या भागातील मिश्रणात घनमीटरमागे जेमतेम ४७ किलो सिमेंट आणि १९ किलो फ्लाय अ‍ॅश (कोळशाच्या वीज केंद्रातील बारीक राख) होती. मातीच्या भरावाचा विचार काँक्रीटला लावल्याचे ते टोकाचे उदाहरण आहे. ते धरण भक्कम राहिले, पण जलाशय भरताच थरांच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागले आणि मागाहून ग्राउटिंग (फटींत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरणे) करावे लागले.

उलट टोकाला युटा राज्यातील अपर स्टिलवॉटर धरण आहे. तिथे सिमेंट, राख आणि पाण्याचा चिकट लगदा भरपूर ठेवला होता आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग फ्लाय अ‍ॅशचा होता. सांधे उत्तम जुळले. परंतु धरणाच्या लांबीला छेद देणारे उभे आकुंचन सांधे न ठेवल्यामुळे धरणाला उभ्या भेगा गेल्या आणि गळती त्या वाटेने आली. बैठकीत कुणी एकाच धरणाचे उदाहरण देऊ लागले की मी दुसऱ्याचे पुढे करत होतो. दोन्ही धरणे एकत्र वाचली तरच त्यांचा उपयोग आहे.

शेवटी ठरलेले प्रमाण असे : घनमीटरमागे सिमेंट ७५ किलो, फ्लाय अ‍ॅश १२५ किलो, पाणी ११५ लिटर, खडीचा कमाल आकार ४० मिलिमीटर, आणि जमण्याचा काळ लांबवणारा रिटार्डर. बळाची परीक्षा २८ दिवसांवर होणार नाही, ती ३६५ दिवसांवर होईल, कारण राखेचे काम सावकाश चालते आणि धरणाला पूर्ण भार येईपर्यंत तेवढा अवधी मिळतोच.

१९ ऑक्टोबर

खडी-यंत्राची वाळू तपासली. ७५ मायक्रॉनखालील बारीक दगडी भुकटी बारा टक्क्यांच्या आसपास आहे. पुरवठादाराने ती धुऊन काढण्याची तयारी दाखवली, तिला नम्रपणे नकार दिला. नेहमीच्या काँक्रीटमध्ये जो दोष मानतात, तो इथे गुण ठरतो. भुकटी चिकणमातीची नसेल, तर ती लगद्याचे आकारमान वाढवते, पोकळ्या भरते आणि माल विस्कटू देत नाही.

२८ ऑक्टोबर

दिवसभर मालाचा सैलपणा मोजणाऱ्या व्हीबी चाचण्या केल्या. कंपन-मेजावर ठेवलेल्या गोल भांड्यात माल भरायचा, त्यावर पारदर्शक चकतीसह २२.७ किलोचे वजन ठेवायचे, मेज सुरू करायचे आणि चकतीच्या कडेभोवती मॉर्टरचे कडे पूर्ण जुळेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचे, इतकी ही चाचणी साधी आहे. साधी असली तरी माणसागणिक उत्तर बदलते, कारण कडे नेमके कधी 'पूर्ण' झाले हे डोळ्यांनीच ठरवावे लागते. एकाच मालावर तिघांनी ९, ११ आणि १४ सेकंद नोंदवले. दुपारनंतर तिघांना एकत्र बसवून, शेवटची फट बुजताना तिथे उठणारा छोटा बुडबुडा दाखवला. तो फुटला की घड्याळ थांबवायचे. त्यानंतरची उत्तरे एका सेकंदाच्या फरकात आली.

सुरुवातीच्या काळात या कामात २० ते ३० सेकंदांचा कोरडा माल चालवत असत. आपण ८ ते १२ सेकंदांची मर्यादा ठेवली आहे. गेल्या काही दशकांत झालेल्या प्रगतीतला मोठा वाटा या एका आकड्यात आहे, असे माझे मत आहे. माल थोडा ओलसर आणि लगदायुक्त झाला की खडी वेगळी पडत नाही, रोलरखाली लगदा वर येतो आणि वरचा थर खालच्या थरात रुतून बसतो.

९ नोव्हेंबर

चाचणी भराव सुरू केला. ४० मीटर लांब, १२ मीटर रुंद, असे दहा थर धरणाच्या हद्दीबाहेर टाकायचे आहेत.

पहिल्या दोन थरांत जे काही बिघडायचे ते बिघडले, आणि चाचणी भराव त्यासाठीच असतो. डंपरने माल एका ढिगात ओतला की जाड खडी घरंगळत ढिगाच्या पायथ्याशी जमते. डोझरचालकाने तो ढीग सरळ पुढे ढकलल्यामुळे खडीची ती रांग थराच्या तळाशी, म्हणजे नेमकी सांध्यावर, गाडली गेली. तिसऱ्या थरापासून माल आधी पसरलेल्या ताज्या मालावर ओतायचा आणि तिथून पुढे लोटायचा, असा क्रम लावला. पायथ्याशी आलेली खडी फावड्याने उचलून वर फेकण्यासाठी चार माणसे ठेवली. इतक्या यंत्रांच्या गर्दीत फावडेवाल्या चौघांचे काम क्षुल्लक वाटते, पण सांध्यातला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ पट्टा तेच टाळतात.

रोलर एकाच ड्रमचा, दहा टनांच्या वर्गातला आहे. दोन फेऱ्या कंपनाविना आणि सहा कंपनासह, एवढ्यात घनता मिळते. चांगला माल ओळखण्याची खूण अनुभवी चालकाने दाखवली : पाचव्या-सहाव्या फेरीला ड्रमच्या पुढचा पृष्ठभाग जाड गादीसारखा किंचित लवतो आणि मागे ओलसर तकाकी उरते. माल कोरडा असेल तर ड्रम उड्या मारतो आणि खडी चुरडल्याचा आवाज येतो.

रोलरवर उपग्रह-आधारित यंत्रणा बसवली आहे. फेऱ्या पुऱ्या झालेला भाग पडद्यावर हिरवा दिसतो. ती उपयुक्त आहेच, परंतु हिरवा रंग फेऱ्या सांगतो, घनता सांगत नाही. सहाव्या थरात पूर्ण हिरव्या भागात आण्विक घनतामापकाने ९६ टक्के दाखवले, तर अपेक्षा ९८ची होती. तिथला माल ओतल्यानंतर दोन तास पडून राहिला होता.

११ नोव्हेंबर

पाण्याकडच्या दर्शनी भागाचे दोन प्रकार करून पाहिले. साच्यालगत रोलर पोहोचत नाही, त्यामुळे ती अर्धा मीटरची पट्टी वेगळ्या रीतीने घट्ट करावी लागते. पूर्वी तिथे नेहमीचे काँक्रीट भरत. पण दोन वेगळ्या मालांची सांगड घालताना वेळ जाई आणि त्यांच्यामध्येच पोकळी राही. नंतर रोलर-काँक्रीटवरच सिमेंटचा पातळ ग्राउट ओतून सुई-व्हायब्रेटरने तो मुरवण्याची रीत रुळली. आम्ही ती अर्ध्या लांबीत केली. उरलेल्या अर्ध्यात ग्राउट न घालता, तोच माल थेट मोठ्या व्हायब्रेटरने घट्ट केला. मालात लगदा पुरेसा असेल तरच हे जमते.

साचे काढल्यावर ग्राउटची बाजू दिसायला अधिक गुळगुळीत होती. तरीही कापून पाहिल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही, असे ठरले.

२४ नोव्हेंबर

चाचणी भराव हिऱ्याच्या करवतीने उभा कापला. ग्राउटच्या बाजूला वरच्या दहा-बारा सेंटिमीटरमध्ये ग्राउट भरपूर साठला होता आणि थराच्या तळाशी तो पोहोचलाच नव्हता. म्हणजे दर्शनी गुळगुळीतपणाच्या मागे नेमका सांधा उपाशी राहिला होता. थेट व्हायब्रेटर लावलेल्या बाजूला दोन-चार हवेची भोके दिसली, पण थराचा सांधा बोटाने दाखवता येत नव्हता. दुसरा प्रकार मान्य केला.

तिसऱ्या आणि चौथ्या थरांमधला सांधा आम्ही मुद्दाम ३० तास उघडा ठेवून, काहीही उपचार न करता झाकला होता. कापताना तो करवतीच्या पाण्यानेच सुटला.

१५ डिसेंबर

मुख्य धरणाच्या पायावर तलांक (मीटरमधील पातळी) ४००.०० पासून काम सुरू झाले. खडकाच्या खाचाखोचा आधी नेहमीच्या काँक्रीटने सपाट केल्या होत्या. पहिले थर संथ गेले. विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

९ जानेवारी

उष्णतेच्या हिशेबाची फेरतपासणी केली, कारण पुढे हवा तापत जाणार आहे. आमच्या मिश्रणाचे तापमान धरणाच्या पोटात साधारण १५ अंशांनी वाढेल, असे चाचणी ठोकळ्यातील तापमापक सांगतात. माल २२ अंशांवर टाकला तर गाभा ३७ अंशांपर्यंत जाईल आणि मग परिसराच्या सरासरीपर्यंत, म्हणजे सुमारे २३ अंशांपर्यंत, निवायला त्याला दहा-पंधरा वर्षे लागतील. १४ अंश निवताना काँक्रीट दर अंशाला दर मीटरमागे सुमारे १० मायक्रॉन आखडते. म्हणजे २० मीटर लांबीत २.८ मिलिमीटर. हे आकुंचन कुठेतरी प्रकट होणारच. ते आपण ठरवलेल्या जागी व्हावे म्हणून दर २० मीटरवर जस्ताच्या मुलाम्याचा पत्रा, ताज्या थरात कंपन देऊन उभा घुसवला जातो, आणि पाण्याकडच्या बाजूला त्याच रेषेत जलरोधक पट्ट्या व त्यांच्यामागे निचऱ्याचे भोक ठेवले जाते. अपर स्टिलवॉटरमध्ये हेच राहून गेले होते.

माल थंड कसा करायचा, यावर यंत्रविभागाशी बरीच चर्चा झाली. एक घनमीटर काँक्रीट एका अंशाने निववण्यासाठी ढोबळमानाने २,४०० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. पाण्याऐवजी १० किलो बर्फ घातला तर वितळतानाच तो सुमारे ३,३४० किलोज्यूल शोषतो, म्हणजे १.४ अंश मिळतात. मोह होतो की सगळे पाणी बर्फ करून टाकावे. पण ११५ लिटरांपैकी ४५ लिटर तर वाळू-खडीच्या ओलाव्यातूनच येतात, काही पाणी रिटार्डर विरघळवायला लागते, आणि ताशी २२० घनमीटर उत्पादनाला घनमीटरमागे ४५ किलो बर्फ द्यायचा म्हणजे ताशी १० टन बर्फ झाला. उलट, १,३५० किलो जाड खडी पट्ट्यावरच थंड पाण्याच्या फवाऱ्याखालून नेऊन १२ अंशांनी निववली, तर मिश्रण ५.७ अंशांनी उतरते. मात्र भिजलेली खडी जास्तीचे पाणी घेऊन येते आणि बर्फाची जागा खाते. म्हणून फवाऱ्यानंतर पाणी निथळवणारी कंपन-चाळणी बसवण्याचे ठरले, आणि बर्फाचे यंत्र निम्म्या क्षमतेचे घेतले.

२७ जानेवारी

थर ३४, तलांक ४१०.२०. आजची नोंद सविस्तर करतो.

या पातळीवर धरण १९० मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद आहे. एका थराला ३,८७६ घनमीटर माल लागतो आणि ताशी २२० घनमीटर दराने तो १७ तास ३७ मिनिटांत पुरा होतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणचा थर झाकला जाईपर्यंत त्याचे वय साडेसतरा तास होते. प्रयोगशाळेच्या नोंदीप्रमाणे आमचा माल १९ तासांनी प्राथमिक घट्टपणा गाठतो. त्याआधी वरचा थर आला तर 'गरम सांधा' आणि उपचाराची गरज नाही. त्यानंतर पण पूर्ण जमण्याच्या आत आला तर 'कोमट सांधा', ज्यावर पृष्ठभाग झाडून मॉर्टरचा पातळ लेप द्यायचा. त्याहून उशीर झाला तर 'थंड सांधा', ज्याला पाण्याच्या झोताने खरवडून खडी उघडी करायची आणि मग मॉर्टर. आम्ही दीड तासाच्या सवलतीवर चाललो होतो.

सकाळी ६:३० वाजता डाव्या तीरापासून थर सुरू झाला. सायंकाळी ६:४० वाजता मुख्य कन्व्हेअरच्या पट्ट्याचा जोड फाटला. दुरुस्ती रात्री ११:३० पर्यंत चालली. त्यामुळे संध्याकाळपर्यंत टाकलेला सगळा भाग झाकला जाईतो साडेबावीस तासांचा होणार, हे उघड होते. पाळीप्रमुखांनी विचारले, "साहेब, नुसता पाण्याचा हलका फवारा मारून पुढे जायचं का? वरून तर ओलाच दिसतोय." मी नाही म्हटले. त्या पूर्ण भागावर ब्रश आणि मॉर्टर लावण्याचे लेखी दिले. इथपर्यंत सर्व नियमाप्रमाणे झाले.

थांबलेल्या वेळेत, केवळ हातात काम नव्हते म्हणून, पेनिट्रोमीटर (सुई खुपसून मॉर्टरचा घट्टपणा मोजणारे उपकरण) घेऊन धरणावरच गेलो. सकाळी ८:३० च्या सुमारास टाकलेल्या मालातले मॉर्टर चाळून साच्यात भरले होते आणि एका मदतनिसाने चुकून तो साचा प्रयोगशाळेत न नेता तिथेच धरणाच्या साच्याच्या फळीशेजारी ठेवला होता. रात्री साडेअकराला, म्हणजे पंधराव्या तासाला, त्याने प्राथमिक घट्टपणाची मर्यादा ओलांडलेली होती.

चूक माझी आहे. प्रयोगशाळेचा नमुना कायम २२ अंशांवर, सावलीत असतो. धरणाच्या पृष्ठभागावर दुपारी ३४ अंश आणि वारा असतो. म्हणजे आजच्या बिघाडाशिवायही, उन्हात टाकलेल्या प्रत्येक पट्ट्याचा सांधा साडेसतरा तासांनी 'गरम' राहिलेला नव्हता, आणि तो आम्ही गरम समजून उपचाराविना झाकत आलो होतो.

२९ जानेवारी

दोन दिवस माल-पाठवणीच्या नोंदी घेऊन बसलो. थर सुरू होण्याची वेळ रोज सरकत जाते, त्यामुळे ऊन लागलेला पट्टा प्रत्येक थरात वेगळ्या साखळी क्रमांकावर (धरणाच्या लांबीवरील अंतरावर) येतो. गेल्या नऊ सांध्यांचे (थर २५ ते ३४ यांमधील) नकाशे ट्रेसिंग कागदावर काढले आणि सकाळी ८ ते दुपारी ३ या वेळेत पडलेला भाग लाल पेन्सिलीने भरला. कागद एकावर एक ठेवल्यावर लाल पट्टे जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकमेकांपासून सरकलेले दिसतात. एकच सलग कमकुवत उभा पट्टा नाही, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. नकाशे आणि माझे स्पष्टीकरण संकल्पन विभागाला पाठवले.

तातडीचे उपाय : पेनिट्रोमीटरचे नमुने यापुढे धरणावरच, थराच्या उघड्या पृष्ठभागाशेजारी राहतील. दिवसा पृष्ठभागावर धुक्यासारखा फवारा राहील, पण पाणी साचू द्यायचे नाही. आणि सांध्याचे वय नुसत्या तासांत न मोजता तास गुणिले पृष्ठभागाचे तापमान असे, म्हणजे अंश-तासांत मोजले जाईल.

१३ फेब्रुवारी

आजपासून उतरत्या थरांची पद्धत सुरू केली. चीनमधील जियांगया धरणावर १९९०च्या दशकात ती वापरात आली, ती मोठे क्षेत्र आणि गरम हवा यांवर तोड म्हणूनच. संपूर्ण लांबीभर ३० सेंटिमीटरचा आडवा थर नेण्याऐवजी, ३ मीटर उंचीचा टप्पा घेऊन त्यात बारास एक उताराने तिरके थर टाकत एका तीराकडून दुसऱ्या तीराकडे सरकायचे.

हिशेब असा. आडव्या पद्धतीत आज १३,२०० चौरस मीटर झाकायला १८ तास लागले असते. तिरक्या थराची लांबी फक्त ३६ मीटर, रुंदी ६६ मीटर. त्याला ७१३ घनमीटर माल लागतो आणि तो सव्वातीन तासांत पुरा होतो. यंत्रे तीच, माणसे तीच, मालही तोच. केवळ भूमिती बदलल्यामुळे सांध्याचे वय १८ तासांवरून सव्वातीनवर आले. कन्व्हेअर पुन्हा पाच तास बंद पडला, तरी सांधा गरमच राहील. थंड सांधा राहतो तो दर ३ मीटरच्या टप्प्याच्या माथ्यावर, आणि त्याला खरवडून, धुऊन, मॉर्टर लावायला पुरेसा वेळ असतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. उताराच्या पायथ्याशी थर पातळ होत होत कागदासारखा होतो. तिथे रोलर गेला की खडी चुरडते आणि खालच्या थंड सांध्यावर मेलेल्या मालाची चपटी पोळी बसते. आज पहिल्याच तिरक्या थरात ते घडले. आता पायथ्याची धार १५ सेंटिमीटर जाडीपर्यंत उभी कापून काढतात, कापलेला माल उचलून बाहेर टाकतात आणि मग पुढचे मॉर्टर पसरतात. ३ मीटरच्या साच्यांची तयारी पुढे पळवावी लागते, ही सुतारांची तक्रारही खरी आहे.

१८ मार्च

दुपारी अचानक पाऊस आला. रोलरने दाबलेल्या भागाचे काही बिघडत नाही. पसरलेला पण न दाबलेला माल मात्र पाणी पिऊन चिखल होतो. तिरक्या पद्धतीमुळे उघडा माल थोडाच होता, तो पंधरा मिनिटांत दाबून ताडपत्रीखाली घेतला. ४० घनमीटर माल उचलून टाकला.

२ एप्रिल

संकल्पन विभागाचे उत्तर आले. नऊ शंकास्पद सांध्यांच्या लाल भागात चिकटपणा शून्य धरून, केवळ घर्षणावर, आणि पाण्याचा ऊर्ध्वदाब पूर्ण धरून सरकण्याचा हिशेब त्यांनी पुन्हा केला आहे. नेहमीच्या भाराला आणि पुराला धरण सुरक्षित ठरते. भूकंपाच्या भारात गुणांक मर्यादेच्या जेमतेम वर येतो. प्रत्यक्ष नमुने काढल्याशिवाय ते पुढे जाणार नाहीत, हे योग्यच आहे.

याच टपालात त्यांनी चीनमधील शापाई धरणाचा उल्लेख केला आहे. ते १३२ मीटर उंचीचे रोलर-काँक्रीटचे कमानी धरण २००८ च्या वेनचुआन भूकंपात भरलेल्या जलाशयासह हादरले आणि टिकले. गुरुत्व धरणापलीकडे, कमानीतही ही पद्धत आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग चीनमध्ये गेली. गुरुत्व धरणांत इथिओपियातील गिबे-३ पर्यंत उंची २४० मीटरच्या पुढे पोहोचली. पण शापाईचा दाखला माझ्या लाल पट्ट्यांना लागू पडत नाही. तिथले सांधे कसे होते, त्यावर ते धरण टिकले. माझे कसे आहेत, ते माझ्याच भोकांतून कळायचे आहे.

२७ मे

गाभा-नमुने, म्हणजे धरणात भोके पाडून काढलेले काँक्रीटचे दंडगोल, काढून झाले. १५० मिलिमीटर व्यासाची चार भोके आडव्या थरांत आणि चार तिरक्या थरांत घेतली. भोकांच्या जागा ट्रेसिंग कागदांवरूनच ठरवल्या होत्या.

आडव्या भागात नऊ सांधे चार भोकांनी छेदले, म्हणजे ३६ छेद. त्यांपैकी २० लाल भागातले होते आणि १६ बाहेरचे. लाल भागातले १० सुटलेले निघाले. बाहेरचा फक्त एक. सुटलेल्या तुकड्यांपैकी काही ड्रिलच्या पिळानेच तुटले असतील, पण तो पीळ दोन्ही भागांना सारखाच बसला, त्यामुळे तुलना खोटी ठरत नाही. सुटलेल्या सांध्याचे तोंड जवळून पाहिले : वरच्या थराच्या खडीचे ठसे खालच्या पृष्ठभागावर उमटलेच नाहीत, तो गुळगुळीत आणि किंचित पांढुरका आहे. जुळलेल्या सांध्यात खडी दोन्ही बाजूंत रुतलेली असते आणि सांधा कुठे आहे ते खोली मोजूनच सांगावे लागते.

२७ जानेवारीच्या बिघाडाचा सांधा, ज्याची त्या रात्री सर्वांना काळजी होती, चारही भोकांत अखंड निघाला. खडीविरहित मॉर्टरचा एक सेंटिमीटरचा पट्टा दिसला म्हणूनच तो ओळखता आला. तिरक्या थरांत ४० छेदांपैकी दोन सुटले, आणि दोन्ही पायथ्याच्या धारेपाशी, धार कापण्याचा नियम लावण्यापूर्वीच्या पहिल्याच दिवसाचे.

भोकांत दाबाखाली पाणी सोडून पाहिले. लाल भागातल्या सहा सांध्यांनी पाणी घेतले, बाकीच्यांनी नगण्य.

३० मे

निर्णय झाला. तलांक ४०७.५० ते ४१०.२० या पट्ट्यात पाण्याकडच्या बाजूने निरीक्षण गॅलरीतून कलत्या भोकांतून ग्राउटिंग होईल. दाब इतका कमी ठेवायचा की सांधा भरेल पण उचलला जाणार नाही. त्यामागे निचऱ्याची भोके ३ मीटरऐवजी दीड मीटर अंतरावर घ्यायची आणि त्यांपैकी सहा ठिकाणी ऊर्ध्वदाब मोजणारी उपकरणे बसवायची. भूकंपाच्या हिशेबासाठी लाल भागातील चिकटपणा कायमचा शून्य धरला जाईल. ग्राउटचे श्रेय बळाच्या खात्यात घ्यायचे नाही, फक्त गळतीच्या खात्यात घ्यायचे, हा माझा आग्रह मान्य झाला.

ट्रेसिंग कागदांचा संच धरणाच्या कायम अभिलेखात जोडला. ग्राउटिंगचे पहिले भोक सोमवारी साखळी क्रमांक ६० वर सुरू होईल; तिथे तीन थरांचे लाल पट्टे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात.